मृगात गळ गुंडाळून ठेवा

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही, पण इथं पडणारं पाणी दोन समुद्रांना मिळतं. जिल्ह्याचा मधला भाग उंचावरच्या पठाराचा. पठाराच्या उत्तर अंगाला उतरणारी काटेपूर्णा अकोल्याकडे जाते, पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवपाशी तापीत आणि तापी सुरतेच्या पुढे अरबी समुद्रात. दक्षिण-पूर्वेकडे वळलेलं पाणी पूस, अरुणावती, अडाण अशा नद्यांतून पैनगंगेत जातं. तिथून वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत थेट बंगालचा उपसागर. एकाच आभाळातून पडलेल्या सरीचे दोन वाटेकरी. असं भाग्य किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

तरी हौसेनं गळ टाकून मासे धरण्याचा विषय निघाला की डोळ्यांसमोर येतं ते कोकण. मालवण-देवगडचे कातळ, रत्नागिरीच्या खाड्या, हातात लांब रॉड आणि गळाला झुंजणारी सुरमई किंवा तांबोशी. वाशिमकडे या बाबतीत कोणी पाहत नाही. पाहायला हवं. जून ते जानेवारी इथल्या पुलांवर, बंधाऱ्यांच्या भिंतींवर, तलावांच्या सांडव्यापाशी माणसं बसलेली असतात. कोणी शिक्षक, कोणी एसटीत ड्रायव्हर, कोणी सोयाबीनची फवारणी उरकून आलेला शेतकरी, कोणी शाळा बुडवून आलेलं पोर. रस्त्यानं जाणारा गाडी हळू करतो आणि विचारतो, “काका, लागली का मासोई?” उत्तर ठरलेलं, “पानी पाह्यतो अजून.” हे पाणी पाहणं म्हणजेच वाशिमची हौशी मासेमारी. कुठल्या नक्षत्रात कुठलं पाणी आणि कुठल्या पाण्यात कुठला मासा, हे ज्याला कळलं त्याचा गळ रिकामा येत नाही.

हा लेख त्या हिशोबाचा आहे. त्या हिशोबातली एक नोंद मात्र चुकीच्या पानावर लिहिली गेली आहे, आणि ती दुरुस्त करायची वेळ आली आहे.

पाणी कुठं आहे

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा : वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. बारमाही म्हणावी अशी नदी जवळजवळ नाहीच. पैनगंगा बुलडाण्याकडून रिसोड तालुक्यात शिरते आणि पुढे हिंगोलीच्या हद्दीला धरून वाहते. पूर्वी उन्हाळ्यात तिचे डोह तेवढे उरत. आता तिच्यावर ११ बॅरेज झाले आहेत, त्यामुळे नदीचं रूप सलग वाहत्या पाण्यापेक्षा एकापुढे एक अडवलेल्या लांबट तलावांचं झालं आहे. मध्यम प्रकल्प तीन : वाशिम शहराला पाणी पाजणारा एकबुर्जी, सोनल, आणि कारंजाकडचा अडाण. त्याखेरीज शंभरावर लघु प्रकल्प, गावतळी, पाझर तलाव. वाशिमचं पद्मतीर्थ किंवा कारंजाचा ऋषी तलाव ही देवाधर्माची पाणी वेगळी; तिथं गळ नेण्याचा विचार कोणी करत नाही.

तलावातला मासा बहुतांशी सोडलेला असतो. कटला, रोहू आणि मृगळ या तीन माशांवर महाराष्ट्रातल्या तलावांचा कारभार चालतो. हे तिघं साचलेल्या पाण्यात वाढतात, पण तिथं वीण करत नाहीत. त्यांना वाहतं, चढतं, पावसाळी पाणी लागतं. म्हणून दरवर्षी तलावात बोटभर लांबीचं बीज, बोटुकली, सोडावं लागतं. हे बीज नदीतून गोळा करण्याची कटकट संपली ती १० जुलै १९५७ ला. त्या दिवशी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांची कोंडलेल्या पाण्यात वीण घडवून आणली. आज एकबुर्जीच्या काठी बसलेल्या माणसाच्या गळाला रोहू लागतो तो त्या प्रयोगाच्या पुण्याईनं. देशभर १० जुलै मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो यासाठीच.

या तलावांचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. मत्स्यव्यवसाय विभाग तलाव ठेक्यानं देतो, संस्था बीज सोडते, राखण करते आणि जाळी लावून मासा काढते. सभासद मुख्यतः भोई समाजाचे. हौशी गळवाल्यानं हे आधी मनात ठेवावं : ज्या माशासाठी तो दुपार घालवतो तो कोणीतरी पैसे मोजून पाण्यात सोडलेला असतो.

ओढे, नाले आणि नदीतले मोकळे मासे मात्र कोणी सोडलेले नसतात. मरळ, वाम, शिंगी, खवल्या आणि हाताच्या बोटाएवढ्या असंख्य चिंगळ्या. त्यांचं बीज कुठल्याही केंद्रात तयार होऊन येत नाही. ते स्वतःची वीण स्वतः करतात, आणि ती करतात नेमकी तेव्हा, जेव्हा गळवाल्यांची गर्दी सगळ्यात जास्त असते.

मृग, आर्द्रा

मृग ७-८ जूनला लागतो. वऱ्हाडात पेरणीचं पंचांग इथून सुरू होतं आणि गळाचंही. पहिल्या एक-दोन पावसांनी काही होत नाही. जमीनच पाणी पिऊन टाकते. आर्द्राच्या सुमारास जमीन तृप्त होते, नाले वाहू लागतात, लाल-काळं गढूळ पाणी पैनगंगेत उतरतं, आणि डोहात अडकून उन्हाळा काढलेला मासा प्रवाहाच्या उलट्या दिशेनं निघतो. याला चढणीचा मासा म्हणतात. नाल्यातून शेताच्या बांधापर्यंत, धुऱ्यावरच्या चरात, रस्त्याखालच्या नळीत, जिथं वीतभर पाणी असेल तिथं तो शिरतो. रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं निघतात. काठ्या, टोपल्या, जुन्या मच्छरदाण्या, हाताला येईल ते. त्या दिवसांत गळ टाकणं हे तर सभ्यपणाचं लक्षण ठरतं.

गळाला या पाण्यात काय लागतं? गांडूळ लावला की शिंगी, वाम आणि बारीक कार्प जातीचे मासे पटापट लागतात. गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा वास आणि मिशा कामाला येतात, म्हणून मिशीवाल्या माशांची चलती. शिंगी काढताना हात सांभाळावा. तिच्या छातीच्या परांना विषारी काटा असतो आणि लागला की हात कोपरापर्यंत ठणकतो. वाम गळ गिळून दगडाखाली घुसते, ओढली तर तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तुटतो.

शंभर रुपयांचं सामान आणि अर्ध्या तासाचा वेळ एवढ्यावर पिशवी भरते, म्हणून सगळा जिल्हा या दोन नक्षत्रांना मासेमारीचा हंगाम समजतो. हीच ती चुकीची नोंद. पिशवीतला मासा उलगडून पाहा. पोट ताणलेलं असतं, दाबलं की पिवळसर अंड्यांची लड बाहेर येते. रोहूसारख्या माशाची मादी तिच्या शरीराच्या एका किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी घालते. ती सगळी जगत नाहीत. जगावीत अशी निसर्गाचीही अपेक्षा नसते. पण मादीच चढणीच्या वाटेवर पिशवीत गेली तर हिशोब शून्यावरच थांबतो. पुढं हिवाळ्यात “नदीत आता पहिल्यासारखे मासे राहिले नाहीत” म्हणून जो सुस्कारा ऐकू येतो त्याचं मूळ आर्द्रातल्या त्या पिशवीत असतं.

याच मृगात इथून दक्षिणेला आणखी एक गर्दी असते. हैदराबादेत बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना औषध देतं, ते जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात घालून गिळायला लावतं. मृग लागतो त्या दिवशी तिथं देशभरातून लोक येतात. वाशिमवरून काचीगुड्याला थेट गाडी जाते. औषधाच्या गुणाबद्दल डॉक्टरांचं मत वेगळं आहे, पण मरळीची ओढ तिकडेही केवढी ते यातून कळतं. तेलंगणानं तर मरळीला राज्यमासा केलं आहे. आपल्या महाराष्ट्रानं २०२३ मध्ये तो मान समुद्रातल्या सिल्व्हर पापलेटला दिला.

मरळीची पिल्लं

गळवाल्यांच्या बोलण्यात सगळे मासे एका बाजूला आणि मरळ एका बाजूला. मरळ मांसात घट्ट, काट्याला कमी, बाजारात भावाला सगळ्यांत वर. शिवाय ती झुंजते. मुख्य म्हणजे ती हवेत श्वास घेते. डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा साठवण्याची जागा असते. दर काही मिनिटांनी ती वर येऊन घोट घेते आणि पाण्यावर बुडबुडा सोडून जाते. जाणता गळवाला तास-तास फक्त तो बुडबुडा कुठं फुटतो ते पाहत बसतो. कोमट, कुजट, प्राणवायू संपलेल्या डबक्यात कटला तडफडून मरतो आणि मरळ मजेत असते. चिखल ओला असेपर्यंत ती तग धरते. म्हणूनच आटणाऱ्या पाण्याच्या या जिल्ह्यात ती टिकली.

मरळीसाठी गांडूळ चालत नाही. जिवंत छोटी मासोळी, नाकतोडा किंवा लहान बेडूक. अलीकडं रबरी बेडूक आले आहेत. ऑनलाइन मागवलेले, पोटात दोन लपवलेले गळ असलेले. फिरकीचा रॉड, वेणीची दोरी आणि हा बेडूक घेऊन पंचविशीतली मुलं बेशरमाच्या झुडपांमधून, शिंगाड्याच्या वेलांवरून तो टुणटुण उड्या मारत आणतात. पाणी एकदम फुटतं, बेडूक गायब होतो. या वेळी लगेच ओढायचं नसतं. दोन श्वास थांबायचं, दोरी ताणली की मग झटका. घाई केली तर बेडूक रिकामा परत येतो आणि काठावरचे सगळे हसतात.

पावसाळ्यात मात्र याच मरळीच्या बाबतीत एक वाईट खेळ चालतो. काठालगतच्या गवतात ती जागा साफ करून अंडी घालते आणि नर-मादी दोघंही राखण करतात. पिल्लं बाहेर आली की त्यांचा तांबूस-केशरी थवा पाण्याच्या वरच्या थरात एकत्र फिरतो. वरून पाहिलं तर कुंकू सांडल्यासारखा ठिपका हलताना दिसतो. आई-बाप थव्याच्या खाली असतात. त्या थव्यावर बेडूक टाकला की खालचा मासा भुकेनं नाही, रागानं झेप घेतो. पिल्लांवर आलेला शत्रू समजून तो चावतो आणि सापडतो. मोबाइलवर यात मोठं कौशल्य दाखवलं जातं. यात कौशल्य नाही. राखणदार गेला की चार-दोन तासांत खंड्या, पाणकावळे आणि इतर मासे तो थवा फस्त करतात. एका माशाच्या बदल्यात अख्खी पिढी गेली.

थवा दिसला की गळ उचलून पुढं जायचं. जुने भोई हे न सांगता पाळतात.

किनाऱ्यावर काय करतात

इथं समुद्राकडे एकदा पाहायला हवं, कारण समुद्रावरच्या माणसांनी हा प्रश्न कायद्यात बसवला आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्यामागं खवळलेला समुद्र आहे तसाच माशांच्या विणीचा काळही आहे. कोळी समाज त्याच्याही आधीपासून नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवत आला. समुद्रातल्या मासेमारीसाठी राज्याचा १९८१ चा स्वतंत्र कायदा आहे.

कोकणातल्या हौशी गळवाल्यांचा हंगामही ऑक्टोबरात उघडतो. पाऊस थांबला की खाडीतला गाळ बसतो, पाणी निवळतं, लहान मासळीचे थवे किनाऱ्याशी येतात आणि त्यांच्यामागं सुरमई, गोबरा, तांबोशी. कातळावर उभं राहून गरवणारा माणूस नक्षत्र पाहत नाही, तिथी पाहतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं, अष्टमीच्या भांगाला सुस्तावतं. भरती सुरू होताना आणि ओहोटी लागताना जी वेळ असते ती गळाची. जिताडा हा तर किनारा आणि गोडं पाणी यांच्या मधला मासा : गोड्या-मचूळ पाण्यात वाढतो आणि विणीसाठी खाऱ्याकडे जातो. तो आयुष्याची सुरुवात नर म्हणून करतो आणि मोठेपणी मादी होतो. म्हणजे सगळ्यात मोठा जिताडा धरून फोटो काढणारा माणूस बहुतेक वेळा विणीची मादी हातात घेऊन उभा असतो. मोठा मासा सोडून मधला घरी न्यावा, हे जगभरातले हौशी मासेमार आता सांगतात त्यामागं असली कारणं आहेत.

हौशी मासेमारीला महाराष्ट्रात जुनी परंपरा आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी रॉड आणला. कर्नल साइक्स यांनी १८३९ च्या सुमारास पुण्याच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या मासळीचं वर्णन करताना दख्खनच्या महासीरला शास्त्रीय नाव दिलं. एच. एस. थॉमस यांनी १८७३ मध्ये भारतातल्या गळमासेमारीवर पुस्तक लिहिलं. पवईच्या तलावावर मुंबईतल्या गळवाल्यांची संघटना कैक दशकं नियमानं बसते आहे. लोणावळ्याला टाटा पॉवरच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार होतात आणि देशभरच्या नद्यांत सोडली जातात. महासीर धरणारे हौशी लोक आज तो मोजून, फोटो काढून परत पाण्यात सोडतात. विदर्भात ही रीत अजून रुजायची आहे. इथं धरलेला मासा सोडला तर लोक वेड्यात काढतात. ते चुकीचं म्हणता येत नाही, कारण बहुतेकांच्या घरी संध्याकाळचं कालवण त्यावर अवलंबून असतं.

हस्त, चित्रा, स्वाती

वाशिमचा खरा हंगाम हाच. सप्टेंबरअखेर हस्त लागतो, ऑक्टोबरात चित्रा, दिवाळीच्या सुमारास स्वाती. तलाव तुडुंब, पाणी निवळलेलं, पाण्याचं तापमान २५ ते ३० अंशांच्या मध्ये. कार्प मासे या पाण्यात सगळ्यात जास्त खातात. यंदा सोडलेली बोटुकली अजून लहान असते, पण आदल्या वर्षीचा मासा किलो-दीड किलोचा झालेला असतो. विणीचा काळ सरलेला असल्यानं तो खादाड असतो.

गळ किती खोल सोडायचा, यावर सगळं अवलंबून आहे. कटल्याचं तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरात पाण्यावरचं सूक्ष्म अन्न गाळून खातो. रोहूचं तोंड किंचित खाली, ओठ झालरीसारखे. तो मधल्या थरात. मृगळ तळाशी गाळ चिवडतो. तेव्हा तरंगतं भेंड आणि गळ यांच्यातला तंगूस हातभर ठेवला तर कटला, पुरुषभर ठेवला तर मृगळ. ज्वारीच्या धांड्याचा कोरडा तुकडा भेंड म्हणून अजूनही कुठल्याही प्लास्टिकला हार जात नाही. हलका, पांढरा, लांबून दिसणारा. आमिष म्हणजे कणीक. त्यात शेंगदाण्याची ढेप भिजवून, थोडा गूळ, कोणी बडीशेप, कोणी हिंग घालतो. गोळी बोराएवढी, घट्ट, पण पाण्यात दहा मिनिटांत विरघळेल इतकीच. बसण्याआधी त्याच जागी ढेपेचे दोन-चार मुटके टाकून ठेवायचे, म्हणजे मासा जागेला लागतो.

रोहू गोळी चाचपतो. भेंड थरथरतं, थांबतं, पुन्हा थरथरतं. नवखा इथंच ओढतो. जाणता बोट तंगुसावर ठेवून बसतो. भेंड तिरपं होऊन एका दिशेला सरकू लागलं, की मग मनगटाचा एक झटका. कटला मात्र कधीकधी भेंड आडवं पाडतो. खालचं वजन उचलून तो वर आलेला असतो. दहा किलोचा कटला बांबूच्या काठीला लागला तर काठी हातात राहत नाही. तेव्हा काठी पाण्यात सोडून देतात आणि मासा दमेपर्यंत ती तलावभर फिरताना पाहतात.

डिसेंबर लागला की पाणी थंडावतं. पहाटेचा मासा बंद होतो. उन्हं चढल्यावर, दुपारी बारा ते तीनमध्ये थोडी हालचाल. मार्चनंतर पुन्हा गरम. एप्रिल-मेमध्ये तलाव खाली जातात, पाण्याचा गोळा उरतो, मासा दाटतो आणि संस्थेची जाळी लागतात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसात. दाटीवाटी, उष्णता आणि कमी प्राणवायू यांचा मेळ जमला की पहाटे मासे पृष्ठभागावर तोंडं उघडून येतात. ही तगमग असते, भूक नव्हे. अशा वेळी गळ टाकून काही मिळत नाही.

पाण्यात आलेली नवी संकटं

आफ्रिकन मांगूर हा मासा २००० मध्ये केंद्र सरकारनं बंदी घालूनही चोरून पाळला जातो आणि पुरात नदीत उतरतो. देशी मासे, त्यांची अंडी, बेडूक, काहीही खातो. तिलापिया १९५२ मध्ये देशात आला. तो उथळ पाण्यात वर्षातून अनेकदा वीण करतो आणि जागा अडवतो. हे दोघं गळाला लागले तर परत सोडू नयेत. सोडण्याची रीत देशी माशांसाठी आहे.

दुसरं संकट माणसांचं. नाल्यात विजेची तार सोडणं, गावठी बॉम्ब टाकणं, ब्लीचिंग पावडर कालवणं. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारणं हा १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. महाराष्ट्राचा १९६० चा मत्स्यव्यवसाय कायदाही तेच सांगतो. विजेच्या धक्क्यानं वर तरंगणारे मासे पोत्यात जातात, पण बोटापेक्षा लहान असलेले शेकडो तिथंच मरून तळाला बसतात. शिवाय अशा करामतीत माणसंही मरतात. सोयाबीनवर फवारलेलं औषध पहिल्या मोठ्या सरीबरोबर नाल्यात येतं ते वेगळंच. फवारणीचा पंप ओढ्यात धुणं एवढं जरी थांबलं, तरी खालच्या डोहातला बराच मासा वाचेल.

तिसरं संकट दिसत नाही. पैनगंगेतून उपसागरापर्यंत जाणारी वाट आता बंद आहे. ईसापूरचं धरण, गोदावरीवर मेडिगड्डा, सगळ्यात शेवटी आर्थर कॉटनचा १८५२ चा धवळेश्वरम बंधारा. गोदावरीतला मोठा झिंगा अंडी सोडायला मुखाकडच्या मचूळ पाण्यात जातो आणि त्याची पिल्लं वर चढतात. त्या पिल्लांना या भिंती ओलांडता येत नाहीत. तापीच्या बाजूला हतनूर आणि उकाई. दोन समुद्रांशी असलेलं नातं पाण्यापुरतं उरलं आहे, माशापुरतं तुटलं आहे. भिंती पाडण्याचा विचार कोणी करणार नाही आणि करूही नये; तहानेच्या या जिल्ह्याला त्या लागतात. पण म्हणूनच जो मासा या भिंतींच्या आत अडकून उरला आहे, त्याच्या विणीची जबाबदारी इथल्या माणसांवर येऊन पडते.

तर करायचं काय

किनाऱ्यावरची बंदी ६१ दिवसांची. वऱ्हाडी पंचांगात मृग, आर्द्रा, पुनर्वसू आणि पुष्य ही चार नक्षत्रं मिळून जवळजवळ तेवढेच दिवस होतात : ७-८ जून ते ऑगस्टचा पहिला आठवडा. या चार नक्षत्रांत ओढ्या-नाल्यात आणि नदीच्या चढणीच्या वाटेवर गळ टाकायचा नाही, टोपली लावायची नाही. नाल्यात दोन गांडूळ घेऊन बसलेल्या माणसाला अडवायला सरकार येणार नाही आणि येऊही नये. ही बंदी ग्रामसभेनं ठरवावी, गळवाल्यांनी आपापसात पाळावी. मृगात पेरणी सोडून गळ घेऊन बसणारा शेतकरी तसाही कोणाला आवडत नाही. पोटासाठी मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबांना या दिवसांत तलावातला सोडलेला मासा आहे. ओढ्यावरचा भार हौशांनीच कमी करायचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. पेरल्याशिवाय उगवत नाही हे ज्याला शेतात कळतं त्याला पाण्यातही कळावं.

चित्रा सरून स्वाती लागली की पाणी उत्तम असतं. दिवाळीच्या सुट्टीत पोरांना घेऊन जरूर बसा. ज्या तलावावर बसाल तिथल्या संस्थेच्या माणसाला आधी विचारा आणि ते मागतील ती फी द्या. अर्ध्या किलोच्या आतला रोहू-कटला सोडून द्या. मरळ लागली तर एकच ठेवा. आफ्रिकन मांगूर लागला तर तो मात्र घरीच आणा. तंगुसाचे तुकडे काठावर टाकू नका, बगळ्यांच्या पायात अडकतात. आणि पुढच्या वर्षी मृगाचा पहिला पाऊस पडून नाला वाहायला लागला, शेजारी बॅटरी घेऊन बोलवायला आला, तर त्याला सांगा : गळ गुंडाळून ठेवलाय, पोळ्यानंतर येतो.